हॅलीच्या खोऱ्यातले कोरे रकाने

टिमारू
२ मार्च २००९

प्रिय मेव्हिस,

तुझं नाताळचं पत्र आल्यापासून उत्तर लिहीन लिहीन म्हणते आहे. फोनच केला असता, पण मागच्या वेळी तुझ्या कानाच्या यंत्राने इतक्या शिट्ट्या मारल्या की मी काय बोलले ते तुला कळलं नाही आणि तू काय म्हणालीस ते मला. आपल्या दोघींना पत्रच बरं. दातांच्या नर्स म्हणून शाळाशाळांतून पोरांचे दात तपासत फिरायचो तेव्हापासून लिहितो आहोत, आता मोडायचं कशाला?

एक काम होतं. ब्रॉन्विन टिलीला घेऊन घर सोडून गेली हे तुला माहीतच आहे. तेव्हापासून रसेल परत आईच्या घरी, माझ्याकडे राहतो. दोघांचं पटत नव्हतं, कुणाचं किती चुकलं त्यात मी पडत नाही. पण नात कुठे आहे हेसुद्धा मला ठाऊक नाही, हे बरं नव्हे. रसेलच्या मटणाच्या कारखान्यात मेंढ्या पोचवणाऱ्या एका ट्रकवाल्याने ब्रॉन्विनला तुमच्या ग्लेनफर्नच्या पेट्रोल पंपावर पाहिलं म्हणे.

ब्रॉन्विनच्या आजीने तिच्यासाठी थोडे पैसे ठेवले होते, तेव्हा तिने लहानसं घर घेतलं असणार. तू लायब्ररीत बसतेस तिथे कौन्सिलच्या घरपट्टीची यादी असते ना, कुणीही येऊन बघावी अशी? तेवढी चाळ आणि ब्रॉन्विनचं नाव सापडतं का बघ. सासरचं ट्वीडी, माहेरचं पार्फिट. टिलीला वाढदिवसाचं कार्ड पाठवायचं आहे, दुसरं काही नाही.

तुझी
नोलीन

ग्लेनफर्न
९ मार्च

प्रिय नोलीन,

यादी बघितली. अगं, यादी कसली, आमच्या लायब्ररीतलं सगळ्यांत जास्त वाचलं जाणारं पुस्तक आहे ते! कादंबऱ्यांवर धूळ बसते, हिच्यावर कधी नाही. नवीन मूल्यांकन झालं की गावातली माणसं न वाचलेली पुस्तकं परत करायला येतात आणि जाता जाता सहज बघितल्यासारखं करून शेजाऱ्याच्या शेताची किंमत वाचून जातात. लेस्टर ग्रिव्ह म्हणून एक म्हातारा आहे, त्याला सहजपणाचं नाटकही जमत नाही. खुर्ची ओढतो, चष्मा पुसतो, आधी स्वतःच्या नावापुढचा आकडा वाचतो, मग शेजारच्या पेट्रीचा. त्याचा आकडा मोठा निघाला की बायकोसाठी केक घेऊन जातो.

तुझी ब्रॉन्विन मात्र त्यात नाही. ट्वीडी नाही आणि पार्फिटही नाही. भाड्याने राहत असेल तर इथे दिसायचीच नाही, कारण यादीत फक्त मालक असतात.

एक गंमत मात्र सापडली. हॅलीच्या खोऱ्यात, पुलाच्या पलीकडे, एका घराच्या मालकाचा रकाना चक्क कोरा आहे! जमीन आहे, किंमत आहे, नाव नाही. आपलं नाव यादीत नको असेल तर तसं लेखी कळवा, अशी चिठ्ठी कौन्सिल दरवर्षी बिलाबरोबर पाठवतं. आमच्याकडे त्या चिठ्ठीने शेकोटी पेटवतात. नाव काढून घेणारं माणूस मी तरी आजवर पाहिलेलं नाही. ऑकलंडची कुणी बडी बाई असावी, टीव्हीवरची वगैरे. मी आता तिकडून जाताना मान लांब करून बघणार आहे.

कंबर बरी आहे. ऑपरेशनची तारीख अजून नाही. ऑपरेशनच्या आधी मी मरते का, ह्याची दवाखाना वाट बघत असेल.

तुझी
मेव्हिस

टिमारू
१३ मार्च

प्रिय मेव्हिस,

पत्र पोचलं, आभार. त्या कोऱ्या घराचा पत्ता मला उलट टपाली कळव. खोऱ्यातलं नेमकं कुठलं घर, पत्रपेटीवर नंबर काय आहे, रस्त्यावरून दिसतं की आत आहे, एवढं पुरे. जमलं तर तिथे कुठली गाडी उभी असते तेही बघ.

नोलीन

ग्लेनफर्न
२१ मार्च

प्रिय नोलीन,

तुझं पत्र आलं तशी मी नंबर बघायला उठलेही होते. मग परत बसले आणि पत्र पुन्हा वाचलं. इतक्या वर्षांत तू मला असं पत्र कधी लिहिलेलं नाहीस. ना टोमणा, ना तुझ्या बोल्स खेळायच्या क्लबातल्या भांडणांची खबर, ना माझ्या कंबरेची चौकशी. आणि वाढदिवसाच्या कार्डाला गाडी कुठली हे कशाला लागतं गं?

दुपारी कौन्सिलच्या ऑफिसात गेले. तिथे खिडकीवर जॅनिस असते. मी हसत हसत विचारलं, "काय गं, ही नाव काढून घेणारी माणसं असतात तरी कोण?" ती हसली नाही. म्हणाली, "घाबरलेली माणसं, मेव्हिस. दुसरं कोण येणार?" आणि पुढे म्हणाली, "तू हे कुणाला बोलली नाहीस ना?"

नोलीन, मी तुला बोलले.

मला टीव्हीवरची बाई सुचली, ही गोष्ट सुचली नाही, ह्याची मला लाज वाटते आहे. नंबर मी कळवणार नाही. आधी मला खरं सांग. विचारते आहेस ती तूच आहेस का?

मेव्हिस

टिमारू
१ एप्रिल

प्रिय मेव्हिस,

हे मी हॉस्पिससाठी मदत जमवणाऱ्या जुन्या कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून लिहिते आहे. बुधवारी मी इथे असते हे तुला माहीत आहे. ह्यापुढची पत्रं दुकानाच्याच पत्त्यावर टाक. घरी आलेली आता रसेल फोडतो.

पहिलं पत्र मी लिहिलं ते त्याने सांगितलं म्हणून. दुसरं लिहिलं तेव्हा तो माझ्या खुर्चीमागे उभा होता.

मी कुणाचं किती चुकलं त्यात पडत नाही असं तुला लिहिलं होतं. त्याने तिचा हात मोडला, मेव्हिस. दवाखान्यात तिला घेऊन गेले ती मी आणि ओट्याच्या पायरीवरून पडली असं सांगितलं तेही मी. ब्रॉन्विनने माझ्याकडे फक्त बघितलं. पुढच्या आठवड्यात ती टिलीला घेऊन गेली. कोर्टाने त्याला तिच्या जवळपास जायला बंदी केली आहे. तो म्हणतो, कागदाला काय घाबरायचं.

तुझं यादीचं पत्र मीच त्याला वाचून दाखवलं. म्हणजे ब्रॉन्विनचं नाव नाही एवढं ऐकून तो गप्प बसेल असं मला वाटलं होतं. पण कोऱ्या रकान्याचं ऐकल्याबरोबर त्याने माझ्या हातून कागद घेतला. "नाव लपवलंय म्हणजे तीच," म्हणाला. लपवलं म्हणूनच ते घर उठून दिसतं, हे त्याला एका क्षणात कळलं आणि आपल्याला दोघींना नाही.

तुझं शेवटचं पत्रही त्याने वाचलं. तुला खूप शिव्या दिल्या. मग शांत झाला. त्याची शांतता मला शिव्यांपेक्षा नको वाटते. मे महिन्यात कारखान्याचा हंगाम संपला की तो स्वतः येऊन यादी बघणार आहे. कुणीही बघावी अशीच ती आहे, तेव्हा तू त्याला नाही म्हणू शकत नाहीस. खोरं कुठलं ते तर तू लिहूनच बसली आहेस.

तो माझा मुलगा आहे आणि मी हे त्याच्या पाठीमागे लिहिते आहे. काय करायचं ते तू कर. मला ह्याहून जास्त येत नाही.

नोलीन

ग्लेनफर्न
२९ एप्रिल

प्रिय नोलीन,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय होतं ते बघून लिहायचं होतं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ते घेऊन जॅनिसकडे गेले. तिने खिडकीवर 'लवकरच येते'ची पाटी लावली आणि आमच्या पोलीस शिपायाला फोन केला. तो खोऱ्यात जाऊन जिला सांगायचं तिला सांगून आला. मी गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते?

यादी लपवता येईल का, असं मी जॅनिसला विचारलं. नाही म्हणाली. कायद्याने टेबलावर ठेवायचीच असते आणि मागेल त्याला दाखवायची असते. मी यादी समोर घेऊन बसले. सगळ्या खोऱ्यात नावं खच्चून भरलेली आणि मध्ये एक रिकामी जागा. ती नुसती बोट दाखवत होती. मग मनात आलं, एकच रकाना कोरा असेल तर तो बोट दाखवतो. सगळेच कोरे असले तर?

त्या शनिवारी शाळेच्या पोहण्याच्या टाकीसाठी पैसे जमवायला हॉलमध्ये चीज रोल करायचे होते. खोऱ्यातल्या झाडून सगळ्या बायका येतात. आम्ही लांब टेबलाला उभ्या राहून पाव लाटत होतो, सारण लावत होतो, गुंडाळत होतो. मी म्हटलं, "त्या जंगलवाल्यांची पत्रं कुणाकुणाला येतात गं?" झालं! मेंढ्यांची शेतं विकत घेऊन पाइन लावणाऱ्या कंपन्या आहेत ना, त्यांचे दलाल सगळ्यांना नावानिशी पत्रं पाठवून वात आणतात. पेट्रीची सून म्हणाली, "माझ्या सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं, अजून त्यांच्या नावाने येतात मेले." मी विचारलं, "नावं त्यांना मिळतात कुठून? माझ्याच टेबलावरून." आणि पिशवीतून अर्ज काढले.

खोटं बोलले नाही, नोलीन. अर्धंच बोलले. बायकांनी हात न धुताच सह्या केल्या आणि नवऱ्यांसाठी कोरे अर्ज घरी नेले. जॅनिसकडे अर्जांचा गठ्ठा पोचला तेव्हा सगळ्यावर लोण्याचे डाग होते. पण दोघीतिघींनी सही करताना माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघितलं.

अडला तो लेस्टर ग्रिव्ह. मी सांगितलेलं आठवतं ना, केकवाला. तो तडक लायब्ररीत आला. "माझं नाव खोडायचं? माझ्या आजोबांनी काटेरी झुडपं उपटून उपटून ती जमीन केली. ग्रिव्ह हे नाव त्या यादीत पहिल्यापासून आहे. दलालांची भीती मला दाखवू नकोस, त्यांच्या अंगावर मी कुत्रा सोडतो."

"नको तर नको, लेस्टर," मी म्हटलं.

तो गेला आणि दारातून परत आला. लायब्ररीत दुसरं कुणी नव्हतं, तरी हळू बोलला. "नीट सांग, मेव्हिस. कुणासाठी चाललंय हे?"

"ते मला सांगता येणार नाही."

"बरं," तो म्हणाला. "म्हणजे मला माहीत आहे." टोपी काढून त्याने टेबलावर ठेवली. "माझी गाडी रस्त्यावरून गेली की ती पोरीला आत ओढते आणि दार लावून घेते. मला वाटायचं शिष्ट आहे. हॉलमध्ये चारचौघांत बोललोही तसं." मग अर्ज ओढून घेतला. "कुठे करू सही?"

सही करताना त्याने नाव इतकं ठसठशीत लिहिलं, की जसं काही शेवटचंच लिहितो आहे. त्याला माझं तोंड दिसू नये म्हणून मी उगाच कपाट आवरायला गेले.

आज कौन्सिलकडून यादीची नवी प्रत आली. पुलाच्या पलीकडे एकही नाव नाही.

मेव्हिस

ग्लेनफर्न
२२ मे

प्रिय नोलीन,

तो काल आला. ब्रॉन्विन आणि टिली खबरदारी म्हणून आठवडाभर दुसरीकडे होत्या, हे आधी सांगते म्हणजे तू श्वास घेशील.

मी त्याला दारातच ओळखलं. मान तुझ्यासारखीच एका बाजूला कलती. वाळला आहे. मला म्हणाला, "आंटी मेव्हिस, कंबर कशी आहे?" मला रागच यायला हवा होता, आणि आलं ते रडू. ह्याचा पहिला दुधाचा दात मी काढला होता, तेव्हा एवढासा होता आणि माझा हात घट्ट धरून बसला होता.

यादी मागितली. मी माझ्या हाताने उचलून दिली. त्याने खोऱ्याची पानं काढली, मागे गेला, परत पुढे आला.

"हे काय? नावं छापायची राहिली का?"

"नाही. काढून घेतली लोकांनी."

"सगळ्यांनी?"

"जंगलवाल्यांचा जाच झालाय ना. पत्रं, फोन, दारात येऊन बसतात. आता चिठ्ठी आली की जो तो सही करतो."

"मग तुम्ही आईला लिहिलेलं ते कोरं घर?"

"त्यांच्यातलंच एक, पहिलं," मी म्हटलं. आणि हे खरं होतं.

त्याने कोऱ्या रकान्यांवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग एकदम हसला, तो लहानपणी हसायचा तसा, आणि म्हणाला, "आई आणि तुम्ही, दोघी म्हाताऱ्या, टीव्हीवरची बाई काय, नि काय काय." यादी मिटून मला परत दिली. आभारही मानले. पोलीस शिपाई समोरच्या बेकरीत चहा घेऊन कधीचा बसला होता, त्याने बघितलं, गाडी खोऱ्याकडे न वळता टिमारूच्या रस्त्याला लागली.

आज दुपारी एक बाई लायब्ररीत आली. बरोबर एक मुलगी, गुडघ्यावर खरचटलेली. मुलगी पुस्तकांकडे पळाली. बाई म्हणाली, "तुम्ही मेव्हिस ना?" मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने मान हलवली. म्हणाली, "पहिल्यांदा मला वाटलं होतं, एवढ्याशा गावात येऊन मी चूक केली."

मग तिने तुझी चौकशी केली. मी होऊन नाही सांगितलं, तिनेच विचारलं. तू त्या दिवशी पायरी म्हणालीस ते ती विसरलेली नाही. पण सावध करणारं ते पत्रही तूच पाठवलंस हे शिपायाने तिला सांगितलं आहे. टिली रोज आजीबद्दल विचारते. ब्रॉन्विन म्हणाली, तुझी इच्छा असेल तर ती मला तिचा पत्ता तुला लिहायची परवानगी देते आहे. तू माझ्याकडे चार दिवस राहायला ये, तिच्या घरी जा, नातीला बघ. रसेलला सांग मेव्हिसची कंबर गेली. अगदी खोटंही नाही ते.

एक शब्द लिही, मी पत्ता लिहिते.

तुझी
मेव्हिस

टिमारू
३ जून

प्रिय मेव्हिस,

तो घरी आला आणि म्हणाला, तुझ्या मैत्रिणीचं डोकं फिरलंय, अख्खं खोरं कोरं आहे, ब्रॉन्विन तिथे नाही, ऑस्ट्रेलियात गेली असणार. मी ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी त्याने माझी पन्हाळी साफ करून दिली, लाकडं फोडून रचून ठेवली. तो माझ्याशी कधीच वाईट वागलेला नाही, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

तुझं पत्र मागच्या बुधवारी दुकानात मिळालं, पण महिनोन्महिने पिशवीत घेऊन फिरते आहे असं वाटतं. टिलीचं खरचटलेलं ढोपर मी इतक्या वेळा वाचलं की तो कागद तिथे मऊ झाला आहे.

पत्ता लिहू नकोस.

मला बघायला यायचं नाही असं नाही गं. रोज उठल्यावर पहिली तीच आठवते. पण मी मला ओळखते. तो परवा स्वयंपाकघरात बसून रडला. टिलीचा फोटो हातात होता. आई, मला फक्त एकदा लांबून बघू दे, म्हणाला. त्या वेळी पत्ता माझ्याजवळ असता तर मी तो दिला असता, मेव्हिस. दिल्यावर कळलं असतं काय केलं ते. पायरीचंही मला असंच मागून कळलं. म्हणून मला माहीतच नसू दे. ब्रॉन्विनला सांग, तिने विचारलं हेच मला माझ्या लायकीपेक्षा खूप आहे. तिचा पत्ता मागणारं पत्र माझ्या अक्षरात पुन्हा कधी आलं, तर ते फाडून टाक आणि उत्तर देऊ नकोस. मी मागितलं असेल तरीही.

दुसरी गोष्ट. आमच्या कौन्सिलचीही ती चिठ्ठी काल बिलाबरोबर आली, नाव काढून घ्यायचं असेल तर कळवा म्हणून. मी ती चुलीत घातली. ह्या घरापुढे माझं नाव आहे, पूर्ण नाव, पत्त्यासकट, आणि मी आहे तोवर ते तिथून हलणार नाही. टिली मोठी झाली आणि तिला वाटलं, तर तिला टिमारूला येऊन यादी मागायला सांग. कुणालाही दाखवतात.

तुझी
नोलीन